बेसबॉल नेमका कुठून आला आणि अमेरिकेत इतक्या झपाट्याने कसा रुजला?

प्रश्न : जिज्ञासू_७

बेसबॉलच्या उगमाविषयी वाचत असताना एकमेकींशी न जुळणाऱ्या तीन हकिकती माझ्यासमोर आल्या आहेत. पहिलीनुसार ॲबनर डबलडे यांनी १८३९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाऊन या गावी हा खेळ शोधून काढला. दुसरीनुसार न्यूयॉर्क शहरातील अलेक्झांडर कार्टराइट यांनी १८४५ मध्ये त्याचे नियम लिहिले, म्हणून तेच त्याचे जनक ठरतात. तिसरी हकिकत सांगते की हा खेळ मुळात इंग्लंडमधील राउंडर्स या चेंडूफळीच्या खेळाचेच बदललेले रूप आहे. यांपैकी कोणत्या हकिकतीला पुराव्याचा आधार आहे?

याला जोडूनच दुसरी शंका आहे. अमेरिका आणि कॅनडा यांच्यातील क्रिकेटचा सामना १८४४ मध्येच न्यूयॉर्कमध्ये झाला होता, म्हणजे त्या काळी तेथे क्रिकेटचे बस्तान बऱ्यापैकी बसलेले होते. असे असताना पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत क्रिकेट मागे पडून बेसबॉल राष्ट्रीय खेळ कसा झाला? जाणकारांनी सविस्तर लिहिल्यास आभारी राहीन.

प्रतिसाद १ : जुनी_पाने

आपण पहिल्या क्रमांकावर ठेवलेली हकिकत सर्वांत प्रसिद्ध आहे आणि पुराव्याच्या दृष्टीने तीच सर्वांत दुबळी आहे. ती कशी जन्माला आली हे पाहिले की तिचा पाया लक्षात येतो.

हेन्री चॅडविक हे जन्माने इंग्रज होते. लहानपणीच ते अमेरिकेत आले आणि पुढे बेसबॉलचे सर्वांत प्रभावी पत्रकार झाले. हा खेळ राउंडर्सपासून निघाला, असे मत त्यांनी अनेक वर्षे मांडले. एकेकाळचे नामवंत पिचर (फलंदाजाला चेंडू टाकणारा खेळाडू) आणि नंतर क्रीडासाहित्याचे मोठे व्यापारी झालेले अल्बर्ट स्पॉल्डिंग यांना हे मत मान्य नव्हते. हा खेळ अमेरिकेच्याच मातीतला असला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या पुढाकाराने १९०५ मध्ये एक आयोग नेमला गेला आणि नॅशनल लीगचे माजी अध्यक्ष अब्राहम मिल्स त्याचे प्रमुख झाले. आयोगाकडे आलेल्या पत्रांत ॲबनर ग्रेव्ह्ज नावाच्या खाण अभियंत्याचे एक पत्र होते. आपल्या लहानपणी कूपर्सटाऊनमध्ये डबलडे यांनी मुलांना हा खेळ आखून दिला, असे त्यात म्हटले होते. १८३९ मध्ये ग्रेव्ह्ज अवघे पाच वर्षांचे होते आणि डबलडे त्या वर्षी वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीत शिकत होते. डबलडे पुढे यादवी युद्धात सेनापती झाले, त्यांनी विपुल लेखन केले, पण १८९३ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी बेसबॉलच्या शोधावर कधीही हक्क सांगितला नाही. खुद्द मिल्स त्यांना अनेक वर्षे ओळखत होते. तरीही १९०७ च्या अखेरीस आयोगाने या एका पत्राच्या भरवशावर डबलडे यांच्या बाजूने निर्णय दिला. पुढे १९३९ मध्ये, म्हणजे त्या कथित शोधाला शंभर वर्षे झाल्याचे धरून, कूपर्सटाऊनमध्ये बेसबॉलचे हॉल ऑफ फेम (नामवंतांच्या गौरवाचे संग्रहालय) सुरू झाले आणि दंतकथेला कायमचे घर मिळाले.

प्रत्यक्ष नोंदी यापेक्षा कितीतरी जुन्या आहेत. लंडनचे प्रकाशक जॉन न्यूबेरी यांनी १७४४ मध्ये काढलेल्या मुलांच्या पुस्तकात बेसबॉल या नावाचा खेळ चित्रासह आणि पद्यासह आढळतो. १७४९ मध्ये इंग्लंडचे युवराज फ्रेडरिक हा खेळ खेळल्याची वृत्तपत्रातील नोंद उपलब्ध आहे. जर्मन शिक्षक गुट्स-मुथ्स यांनी १७९६ मध्ये मैदानी खेळांवर लिहिलेल्या ग्रंथात 'इंग्रजी बेसबॉल' असे म्हणून त्याचे नियम दिले आहेत. मॅसॅच्युसेट्समधील पिट्सफील्ड या गावाने १७९१ मध्ये नव्या सभागृहाच्या खिडक्यांची तावदाने सुरक्षित राहावीत म्हणून त्याच्या ८० यार्डांच्या आत चेंडूचे खेळ खेळण्यास मनाई केली. त्या ठरावात क्रिकेट, फुटबॉल यांच्याबरोबर बेसबॉलचाही नामोल्लेख आहे. हा ठराव मला विशेष मोलाचा वाटतो, कारण खेळ गावात इतका रुळलेला होता की त्याच्या उपद्रवाची दखल ग्रामसभेला घ्यावी लागली. शिवाय १८२३ च्या एका न्यूयॉर्क वृत्तपत्रात मॅनहॅटनमध्ये शनिवारी तरुण मंडळी बेसबॉल खेळत असल्याचे एका वाचकाने कळवले आहे.

म्हणजे आपल्या तिसऱ्या हकिकतीत इंग्लंडचा भाग खरा आहे, राउंडर्सचा मात्र नाही. राउंडर्स या नावाचा छापील उल्लेख १८२८ च्या सुमारास, बेसबॉलच्या नावानंतर ऐंशीहून अधिक वर्षांनी येतो. त्यामुळे राउंडर्सला बेसबॉलचा पूर्वज मानण्यापेक्षा दोन्ही खेळ एकाच जुन्या इंग्रजी कुळातले आहेत असे मानणे अधिक सयुक्तिक ठरेल. अभ्यासक डेव्हिड ब्लॉक यांनी हे २००५ मधील आपल्या ग्रंथात तपशीलवार दाखवले आहे. आधुनिक बेसबॉलला आकार देण्याचे श्रेय मात्र न्यूयॉर्कच्या निकरबॉकर या बेसबॉल क्लबला आणि कार्टराइट यांना द्यावे लागते.

प्रतिसाद २ : पूर्वा_

वरील प्रतिसाद उत्तम आहे, परंतु त्याच्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्णपणे सहमत नाही. एक दंतकथा मोडीत काढताना आपण दुसरी उभी करू नये असे मला मनापासून वाटते.

हॉल ऑफ फेममधील कार्टराइट यांच्या स्मृतिफलकावर लिहिले आहे की त्यांनी दोन बेसमधील (धावणाऱ्याने गाठायच्या थांब्यांमधील) अंतर ९० फूट ठरवले आणि सामन्यासाठी नऊ डाव व संघासाठी नऊ खेळाडू ही संख्या निश्चित केली. या तिन्ही गोष्टी १८५७ मध्ये न्यूयॉर्क परिसरातील क्लबांच्या अधिवेशनात ठरल्या. कार्टराइट तर १८४९ मध्येच सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियाकडे निघाले होते आणि तेथून हवाईला जाऊन स्थायिक झाले होते. १८४५ च्या सप्टेंबरमध्ये निकरबॉकर क्लब स्थापन करणाऱ्यांत ते होते आणि लोकांना एकत्र आणण्यात त्यांचा वाटा मोठा असावा; परंतु नियम तयार करणाऱ्या समितीत विल्यम व्हीटन आणि विल्यम टकर यांची नावे आहेत. व्हीटन यांनी १८८७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वृत्तपत्राला सांगितले होते की, १८३७ मध्ये गॉथम नावाच्या क्लबसाठी आपण याच धर्तीचे नियम लिहून दिले होते आणि धावणाऱ्याला चेंडू फेकून मारण्याची पद्धत तेव्हाच बंद केली होती. त्यांची आठवण ग्राह्य धरली, तर निकरबॉकर नियम म्हणजे त्या वेळी शहरात चालू असलेल्या पद्धतीची सुबक लेखी नोंद ठरते.

माझ्या मते सर्वांत अधिक अन्याय झाला तो डॉ. डॅनियल ॲडम्स यांच्यावर. व्यवसायाने वैद्य असलेले हे गृहस्थ निकरबॉकर क्लबचे अनेक वर्षे अध्यक्ष होते. त्या काळी चेंडू बाजारात मिळत नसे, म्हणून ते स्वतः चेंडू शिवत असत. तो चेंडू इतका हलका होता की दूरच्या क्षेत्ररक्षकाला तो थेट पिचरपर्यंत फेकता येत नसे. मधल्या मध्ये चेंडू झेलून पुढे पाठवण्यासाठी ॲडम्स यांनी एक जादा खेळाडू उभा करण्यास सुरुवात केली आणि त्यातूनच शॉर्टस्टॉप ही जागा निर्माण झाली. चेंडू जसा जड आणि टणक होत गेला तशी ती गरज संपली आणि शॉर्टस्टॉप दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या मधल्या पट्ट्यात येऊन स्थिरावला. खेळाची रचना साधनांच्या मर्यादेतून कशी घडते याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

अंतराबाबतही हेच दिसते. १८४५ च्या नियमांत होम प्लेटपासून (फलंदाजाच्या जागेपासून) समोरच्या कोपऱ्यातील दुसऱ्या बेसपर्यंत ४२ पावले एवढाच उल्लेख आहे. एक पाऊल तीन फुटांचे धरले तर चौकोनाची बाजू सुमारे ८९ फूट येते, अडीच फुटांचे धरले तर ती ७५ फुटांच्या आत राहते. १८५७ चे अधिवेशन ॲडम्स यांच्याच अध्यक्षतेखाली भरले आणि ९० फुटांचा आकडा तेथे कायम झाला. जमिनीवर सरपटत गेलेला चेंडू उचलून पहिल्या बेसकडे फेकला जातो तेव्हा फलंदाज आणि चेंडू आजही जवळजवळ एकाच क्षणी तेथे पोहोचतात. हे अंतर दीडशेहून अधिक वर्षे बदलावे लागलेले नाही.

पिचरचे काम मात्र पूर्णपणे बदलले. आरंभी त्याने हात खांद्याखाली ठेवून, फलंदाजाला मारता येईल असाच चेंडू द्यावा, अशी अपेक्षा होती. ब्रुकलिनच्या एक्सेल्सियर क्लबच्या जिम क्रायटन या तरुणाने १८६० च्या सुमारास वेगाने आणि फिरकीने चेंडू टाकायला सुरुवात केली आणि पिचर हा फलंदाजाचा प्रतिस्पर्धी झाला. क्रायटन १८६२ मध्ये वयाच्या एकविसाव्या वर्षी वारले, परंतु त्यांनी सुरू केलेली ओढाताण नियमांत पुढे तीस वर्षे चालू राहिली. खांद्यावरून चेंडू टाकण्यास नॅशनल लीगने १८८४ मध्ये परवानगी दिली, चार चुकीच्या चेंडूंवर फलंदाजाला पहिला बेस देण्याचा नियम १८८९ मध्ये आला आणि पिचरचे अंतर १८९३ मध्ये ६० फूट ६ इंच झाले.

जिज्ञासू_७

दोघांचेही मनःपूर्वक आभार. उगमाविषयीचा माझा गोंधळ बराच दूर झाला आहे. आता दुसऱ्या शंकेकडे वळावे अशी विनंती आहे. चेंडूफळीचे खेळ जर अमेरिकेत ठिकठिकाणी वेगवेगळ्या रीतीने खेळले जात होते, तर न्यूयॉर्कचीच रीत देशभर का पसरली? आणि क्रिकेटचे काय झाले?

प्रतिसाद ३ : मैदान_आणि_माणसे

न्यूयॉर्कच्या रीतीला खरी टक्कर मॅसॅच्युसेट्सच्या रीतीने दिली. १८५८ मध्ये तेथील क्लबांनी डेडहॅम येथे जमून आपले नियमही लिहून काढले. त्यात बेसच्या जागी जमिनीत रोवलेले खुंट असत, चेंडू कोणत्याही दिशेला मारता येई, धावणाऱ्याला चेंडू फेकून मारले की तो बाद होई, एक जण बाद होताच सगळा डाव संपे आणि शंभर धावा आधी करणारा संघ जिंके. महाविद्यालयांमधला पहिला सामना १८५९ मध्ये पिट्सफील्ड येथे ॲमहर्स्ट आणि विल्यम्स यांच्यात याच रीतीने झाला आणि ॲमहर्स्टने तो ७३-३२ असा जिंकला.

न्यूयॉर्कच्या रीतीत दोन गोष्टी निर्णायक होत्या असे मला वाटते. माणसाला चेंडू फेकून मारायचा नसल्यामुळे चेंडू टणक करता आला. टणक चेंडू दूर जातो, त्यामुळे फटक्याला जोर आला आणि क्षेत्ररक्षणात नेमकी फेक व भक्कम झेल यांना महत्त्व आले. दुसरी गोष्ट म्हणजे फाउलच्या रेषा, म्हणजे ज्यांच्या बाहेर गेलेला फटका ग्राह्य धरला जात नाही त्या रेषा. मैदान दोन रेषांत बांधले गेल्याने प्रेक्षकांना खेळाच्या अगदी जवळ, तरीही खेळात अडथळा न आणता उभे राहता येऊ लागले. शहरातील मोकळ्या जागा कमी होत असताना ही सोय फार मोठी होती. निकरबॉकर मंडळींनाही मॅनहॅटनमध्ये जागा न उरल्याने हडसन नदी ओलांडून न्यू जर्सीतील होबोकेनच्या एलिसियन फील्ड्सवर जावे लागत असे. तेथेच १९ जून १८४६ रोजी त्यांचा न्यूयॉर्क संघाशी सामना झाला आणि चार डावांत ते २३-१ असे हरले.

याच्या जोडीला वृत्तपत्रे होती. न्यूयॉर्क हे देशातील छपाईचे मुख्य केंद्र, त्यामुळे तेथल्या क्लबांचे नियम आणि निकाल दूरदूरच्या गावांत वाचले जात. चॅडविक यांनी धावसंख्येचा तक्ता विकसित केला, खेळाडूंची सरासरी मांडली आणि १८६० पासून दहा सेंटांची वार्षिक पुस्तिका संपादित केली. सामना न पाहिलेल्या माणसालाही खेळाडूंची तुलना करता येऊ लागली, ही मला बेसबॉलच्या लोकप्रियतेतील फार मोठी पायरी वाटते. १८५८ मध्ये न्यूयॉर्क आणि ब्रुकलिन यांच्या निवडक संघांत फॅशन रेसकोर्सवर तीन सामने झाले, तेव्हा लोकांनी प्रवेशासाठी पैसे मोजले. चार वर्षांनी ब्रुकलिनमध्ये विल्यम कॅमायर यांनी कुंपण घातलेले मैदान उघडले आणि खेळाला तिकिटाच्या उत्पन्नाची वाट सापडली.

क्रिकेटविषयी थोडी सावधगिरी बाळगली पाहिजे. अमेरिकेत क्रिकेट एकाएकी मेले नाही. १८५९ मध्ये इंग्लंडचा संघ आला तेव्हा होबोकेनला मोठी गर्दी लोटली होती आणि फिलाडेल्फियात तर विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत उत्तम क्रिकेट होते. परंतु क्रिकेटला काळजीपूर्वक राखलेली खेळपट्टी लागते आणि त्या काळी सामना दोन-तीन दिवस चाले. बेसबॉल कोणत्याही माळरानावर दोन-तीन तासांत पुरा होई. दुकानातील कारकून आणि जहाज बांधणारे कारागीर यांना कामानंतर तेवढाच वेळ मिळत असे. न्यूयॉर्कचे प्रमुख क्रिकेट क्लब बऱ्याच अंशी इंग्रज स्थलांतरितांचे होते, तर बेसबॉलचे क्लब अग्निशामक दल, गल्ली, कारखाना अशा स्थानिक नात्यांतून उभे राहिले. १८५६ पासूनच वृत्तपत्रे बेसबॉलला राष्ट्रीय विरंगुळा म्हणू लागली होती, म्हणजे अमेरिकी अस्मितेची जोड त्याला लवकर मिळाली.

१८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धाने हा खेळ प्रथमच देशभर नेला असे सरसकट म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. न्यू ऑर्लीन्स, शिकागो, सॅन फ्रान्सिस्को येथे युद्धापूर्वीच क्लब होते आणि युद्धाच्या काळात अनेक क्लब खेळाडूंअभावी बंद पडले. तथापि छावण्यांत वेगवेगळ्या प्रांतांतील सैनिक एकत्र खेळले. नॉर्थ कॅरोलिनातील सॉल्सबरीच्या तुरुंगात उत्तरेकडील युद्धकैदी बेसबॉल खेळत असल्याचे ऑटो बेटिखर या कैद्यानेच काढलेले चित्र उपलब्ध आहे. युद्ध संपताच खेळाचा भडका उडाला. क्लबांच्या राष्ट्रीय संघटनेच्या अधिवेशनात १८६० मध्ये सुमारे साठ क्लबांचे प्रतिनिधी होते, १८६६ मध्ये ती संख्या दोनशेच्या घरात गेली.

त्यानंतर रेल्वे आणि पैसा. सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज हा पहिला उघडपणे पगारी संघ १८६९ मध्ये मैदानात उतरला. त्याचे सूत्रधार हॅरी राइट मूळचे शेफील्डचे आणि स्वतः व्यावसायिक क्रिकेटपटू. त्यांचे बंधू जॉर्ज यांना हंगामासाठी १४०० डॉलर मिळाले. खंडपार रेल्वे त्याच वर्षीच्या मे महिन्यात पुरी झाली होती आणि सप्टेंबरमध्ये हा संघ तिने सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन खेळला. त्यांची विजयाची मालिका १४ जून १८७० रोजी ब्रुकलिनच्या अटलांटिक्सने अकराव्या डावात ८-७ अशी खंडित केली. पुढे १८७६ मध्ये विल्यम हल्बर्ट यांच्या पुढाकाराने नॅशनल लीग स्थापन झाली आणि खेळाची सूत्रे खेळाडूंच्या हातून मालकांकडे गेली.

प्रतिसाद ४ : पूर्वा_

वरील विवेचनात एक गोष्ट आल्याशिवाय लोकप्रियतेचे चित्र पुरे होत नाही, आणि ती अनेक लोकप्रिय इतिहासांत वगळली जाते. राष्ट्रीय खेळ म्हणून बेसबॉलची वाढ होत असतानाच त्याची दारे कृष्णवर्णीयांना बंद केली जात होती. ऑक्टेव्हियस कॅटो या शिक्षकाने फिलाडेल्फियात उभ्या केलेल्या पायथियन क्लबने १८६७ मध्ये राज्य संघटनेत प्रवेश मागितला, तेव्हा त्याला अर्ज मागे घ्यावा लागला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय संघटनेने कृष्णवर्णीय सदस्य असलेल्या क्लबांना प्रवेश न देण्याचे ठरवले. कॅटो यांची १८७१ मध्ये निवडणुकीच्या दिवशी गोळी घालून हत्या झाली. ते कृष्णवर्णीयांच्या मताधिकारासाठी झटत होते.

तरीही मोझेस फ्लीटवुड वॉकर १८८४ मध्ये टोलेडोच्या संघातून प्रमुख लीगमध्ये खेळले. १८८५ मध्ये क्यूबन जायंट्स हा कृष्णवर्णीयांचा पहिला व्यावसायिक संघ उभा राहिला. १८८७ च्या जुलैमध्ये इंटरनॅशनल लीगने यापुढे कृष्णवर्णीय खेळाडूंशी करार करू नयेत असा निर्णय घेतला आणि त्यानंतर ही भिंत कोणत्याही प्रमुख लीगच्या लेखी नियमाशिवाय, केवळ मालकांच्या संगनमतावर टिकून राहिली. ती १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन यांच्या पदार्पणाने फुटली. दरम्यानच्या साठ वर्षांत कृष्णवर्णीयांनी स्वतःचे संघ, स्वतःच्या लीग आणि स्वतःचा प्रेक्षकवर्ग घडवला. खेळाच्या प्रसाराचा इतिहास लिहिताना तो मुख्य प्रवाहाचाच भाग मानला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद ५ : जुनी_पाने

कार्टराइट यांच्याविषयीचे पूर्वा यांचे विवेचन मला पटले. अमेरिकेबाहेरील प्रसाराविषयी दोन ओळी जोडतो, कारण मूळ प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे. क्यूबात हा खेळ अमेरिकी सैन्याने नेला असा समज आहे. वास्तविक अमेरिकेत शिकून परतलेल्या क्यूबन विद्यार्थ्यांनी तो १८६० च्या दशकातच नेला होता. २७ डिसेंबर १८७४ रोजी मातान्सास येथे हवानाच्या संघाबरोबर झालेल्या सामन्याची नोंद आहे आणि १८७८ मध्ये तेथे लीगही सुरू झाली. स्पॅनिश सत्तेखालील तरुणांना बैलझुंजीऐवजी बेसबॉल आपलासा वाटला, यामागे स्वातंत्र्याची आकांक्षाही होती.

जपानमध्ये होरेस विल्सन या अमेरिकी शिक्षकाने १८७२ च्या सुमारास टोकियोतील विद्यार्थ्यांना हा खेळ शिकवला. १८९६ मध्ये इचिको या शाळेच्या संघाने योकोहामातील परदेशी लोकांच्या क्लबला २९-४ असे हरवले. या विजयाची बातमी जपानी वृत्तपत्रांनी ठळकपणे छापली आणि त्यानंतर शाळाशाळांतून संघ निघू लागले. न्यूयॉर्कमध्ये जे काम वृत्तपत्रांनी आणि क्लबांनी केले, तेच जपानमध्ये वृत्तपत्रांनी आणि शाळांनी केले.